साहेब मीटिंगमध्ये आहेत

आमदारांच्या कार्यालयात फोन करणारा माणूस आधी काम सांगत नाही. आधी स्वतःचं वजन सांगतो. "मी तुमचाच मतदार बोलतोय." "आमच्या घरात अकरा मतं आहेत." "साहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा उन्हातान्हात पत्रकं वाटलीत मी, विचारा त्यांना." "मी सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय, दीडशे फ्लॅट आहेत आमचे." एवढं झालं की आवाज खाली येतो आणि जरा ओशाळून खरं काम बाहेर पडतं. "ते जरा उत्पन्नाच्या दाखल्याचं होतं."

२०२४ च्या जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत मी पुण्यातल्या एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात हे फोन घेत होते. आमदार कोण, पक्ष कुठला, हे सांगत नाही. सांगितलं की पुढचं सगळं लोक त्याच हिशेबाने वाचतील. तसंही फोनवरून पक्ष ओळखू येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने एमएच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग नावाचा चार क्रेडिटचा विषय आणला आहे. राज्यशास्त्राच्या पोरांनी जॉब कुठे शोधायचा हे मात्र धोरणात नाही. वर्गातल्या बहुतेकांनी स्वयंसेवी संस्था धरल्या, एकाने सर्वेक्षण करणारी कंपनी गाठली, मी आमदारांचं ऑफिस. मनात होतं की पावसाळी अधिवेशन तोंडावर आहे, सभागृहात मंत्र्यांना विचारायचे तारांकित प्रश्न लिहायला मिळतील, एखाद्या लक्षवेधी सूचनेचा मसुदा करायला मिळेल. पीएंनी माझ्यापुढे लँडलाइन सरकवला, वर एक मोबाइल ठेवला आणि लांबट रजिस्टर उघडून चार रकाने दाखवले. नाव, भाग, काम, नंबर.

"बाकीचं माणूस आपणहून सांगतो," ते म्हणाले. "ते ऐकायचं. लिहायचं नाही."

पीए म्हणजे साहेबांच्या कॉलेजच्या दिवसांपासूनचे सोबती. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचे नियम मोजके होते. 'होईल' म्हणायचं नाही. 'नाही' तर मुळीच म्हणायचं नाही. समोरचा ओरडत असेल तर पहिली दोन मिनिटं मधे तोंड घालायचं नाही. कुणी कुणाबद्दल काहीही सांगितलं, शेजाऱ्याबद्दल, अधिकाऱ्याबद्दल, विरोधी पक्षाबद्दल, तर "हो का" याच्या पुढे जायचं नाही, कारण आजकाल प्रत्येक फोन रेकॉर्ड होतोय असं धरून चालायचं. आणि साहेब कुठे आहेत असं विचारलं तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत". ते बहुतेक वेळा खरंच मीटिंगमध्ये असत. पण हे वाक्य इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते खरं असलं तरी खोटंच ऐकू जातं.

२७ जून ते १२ जुलै अधिवेशन होतं, साहेब मुंबईत. "साहेब अधिवेशनाला गेलेत" असं सांगितलं की फोनवर क्षणभर शांतता. मग, "टीव्हीवर तर दिसले नाहीत." किंवा, "असू द्या हो अधिवेशन. आमच्या चेंबरचं झाकण गेलंय, त्याचं काय?" कायदे करणं हे आमदाराचं काम आहे, असं मी एकदा भीत भीत एका गृहस्थांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "कायदे आहेत की भरपूर. झाकण नाहीये."

चेंबरचं झाकण हे आमदाराचं काम नाही, हे मला परीक्षेपुरतं उत्तम ठाऊक होतं. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, बारावी अनुसूची, त्यातले अठरा विषय. पाणी, सांडपाणी, घनकचरा, रस्ते, पथदिवे. दहा मार्कांचं उत्तर मी त्यावर लिहिलेलं आहे. ड्रेनेज तुंबलं, पाणी कमी दाबाने येतंय, गल्लीत कुत्री वाढलीत, झाडाची फांदी तारांवर आलीय, हे सगळं महापालिकेचं, आणि महापालिकेत ते मांडायचं नगरसेवकाने. पण पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका कोर्टात अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या पावसाळ्यात एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. होते ते सगळे माजी. माजी नगरसेवक लग्नाला येतो, दहाव्याला येतो, पण वॉर्ड ऑफिसातला इंजिनिअर त्याचा फोन उचलेलच असं नाही. मग प्रभागातले चार-चार नगरसेवक मिळून ज्या तक्रारी झेलत होते, त्या सगळ्या सरळ आमदाराच्या लँडलाइनवर येऊन पडू लागल्या. सुरुवातीला मी लोकांना सांगायची, हे महापालिकेचं आहे, तिथे तक्रार करा. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "तिथे कुणाला?" त्यावर माझ्याकडे नाव नव्हतं. पदनाम होतं.

शिव्यांबद्दल लोक फार विचारतात. मैत्रिणींचा पहिला प्रश्न तोच असतो. शिव्या आल्या, पण शिव्या देणारा माणूस त्यातल्या त्यात सोपा. दोन मिनिटांत त्याचा श्वास संपतो, तिसऱ्या मिनिटाला तो "तुम्हाला नाही ओ ताई, सिस्टिमला बोलतोय" म्हणतो आणि चौथ्याला काम सांगतो. एकजण मात्र म्हणाला, "तुमच्यासारख्या पोरी बसवतात आम्हाला गोड बोलून कटवायला." त्याला शिवी म्हणता येत नाही. ते वर्णन होतं, आणि त्यात चूक काढायला फारशी जागा नव्हती. पोरीचा आवाज ऐकून लांबण लावणारेही असत, "कुठल्या गावच्या तुम्ही?" वगैरे. ते फोन काका हात पुढे करून मागून घेत आणि आपल्या घोगऱ्या आवाजात "बोला" म्हणत. काम तिथेच मिटायचं.

एक निवृत्त इंजिनिअर होते, पुण्याबाहेर होणार नाहीत असे. पहिल्याच फोनला त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. "आपण कोण? इंटर्न? म्हणजे पगारी की बिनपगारी? बिनपगारी. मग चुकलात तर जबाबदार कोण?" मी 'अर्ज केला गेलेला आहे' असं म्हटलं तर त्यांनी ते 'अर्ज केला आहे' असं दुरुस्त करून दिलं. पण त्यांच्याइतकी तयारी ऑफिसातही कुणाची नव्हती. कुठला रस्ता महापालिकेचा, कुठला सार्वजनिक बांधकामचा, कुठे पीएमआरडीएची, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाची, हद्द सुरू होते, कुठला पूल राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा, हे त्यांना गल्लीवार पाठ. तक्रार क्रमांक, तारीख, अर्ज बंद करताना अधिकाऱ्याने लिहिलेला शेरा, सगळं तोंडावर. "शेऱ्यात 'काम पूर्ण' लिहिलंय. मी खड्ड्यात उभा राहून बोलतोय तुमच्याशी." मला ते आवडायचे. काका त्यांना टाळायचे, कारण त्यांना साहेबांकडून काही नको होतं. त्यांना उत्तर हवं होतं. नुसतं काम हवं असणारा माणूस ऑफिसला झेपतो.

जूनभर आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळाप्रवेशांचे फोन होते. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा नियम राज्याने फेब्रुवारीत बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि प्रवेश लटकले. जूनच्या मध्याला शाळा भरल्या. एक रिक्षावाले दादा दुपारी ठरावीक वेळी फोन करायचे, मागे ट्रॅफिकचा आवाज, मीटर थांबवून बोलत असावेत. मुलीचा नंबर कधी लागणार? मी सांगायची, प्रकरण कोर्टात आहे, निकाल आल्याशिवाय काही होणार नाही, साहेबही काही करू शकत नाहीत. एकदा ते म्हणाले, "ताई, शाळा कधी सुरू होते हे कोर्टाला माहीत नसतं का?" १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि मग निवड याद्या लागल्या. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. काम झालं की लोक फोन करत नाहीत, आणि नाही झालं की दुसरीकडे करतात, त्यामुळे काय समजायचं ते समजा.

पण ज्या फोनमुळे हे सगळं लिहायला घेतलं तो हॉस्पिटलचा.

असे फोन रोज येत. बिल कमी करून द्या, बेड मिळवून द्या, बॉडी ताब्यात देत नाहीत. त्या दिवशी फोनवर विशीतला मुलगा होता, घरपोच डिलिव्हरीचं काम करणारा. वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव. रुग्णालयाने ॲडमिशनच्या आधी डिपॉझिट सांगितलेलं, त्याच्या पाच-सहा महिन्यांच्या कमाईएवढं. गरिबांच्या कोट्यातला बेड शिल्लक नाही म्हणून सांगितलं होतं. तोवर मला या विषयाची बऱ्यापैकी माहिती झाली होती. काकांच्या ड्रॉवरमध्ये एक लॅमिनेट केलेला कागद असायचा, तो मी पाठ केला होता. ट्रस्टचं रुग्णालय असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ एए लागू, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना लागू. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही. मी त्याला सगळं नीट सांगितलं. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना गाठा. रेशन कार्ड दाखवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतील, तो मागाहून देतो म्हणा. डिपॉझिट मागितलं तर योजनेचं नाव घ्या.

तो ऐकून घेत होता. मधे एकदा "हो मॅडम" म्हणाला. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, हे मी सांगू त्यांना? मी?"

मी गप्प बसले. तो कुठे उभा असेल ते दिसत होतं. काउंटरच्या काचेच्या अलीकडे, अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात हेल्मेट. काचेपलीकडच्या माणसाला कलम ऐकवणारा मुलगा म्हणून तो मला दिसेना.

"तुम्ही करा ना फोन," तो म्हणाला. "साहेबांच्या नावाने करा फक्त."

काकांनी फोन केला. साहेबांशी बोलणंसुद्धा झालं नव्हतं, तेवढी गरज नसते. "साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय. आमचा एक पेशंट आहे तुमच्या कॅज्युअल्टीत. हो, हो, नाव लिहून घ्या." नुसतं एवढंच. कलम नाही, योजना नाही, आवाज चढवणं तर नाहीच. उलट शेवटी त्या अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी. दहाएक मिनिटांत मुलाचा फोन. आत घेतलं. डिपॉझिटचं नंतर बघू म्हणाले. आणि मग तो जे म्हणाला ते मी पुढे शेकड्यांनी ऐकलं, पण तेव्हा नवं होतं: "साहेबांचे उपकार आहेत."

मी काकांना म्हटलं, यात उपकार कसले? हे त्याला मिळायलाच हवं होतं. काका म्हणाले, "मिळालं ना?" मी म्हटलं, आपण फोन केला म्हणून मिळालं. काका म्हणाले, "मग? नव्हता करायचा?"

या प्रश्नाला मला तेव्हाही उत्तर नव्हतं. अर्थातच करायचा होता. पण तो बेड मघाशी खरोखर नव्हता आणि आमच्या फोनने झाला, की होताच आणि आमच्या फोनपर्यंत झाकून ठेवला होता? पहिलं असेल तर तो कुणाचा काढून दिला? दुसरं असेल तर आमचं नाव ठाऊक नसलेली किती माणसं त्या काउंटरवरून परत गेली? दोन्हीपैकी कुठलंही असलं तरी आमच्या रजिस्टरात ते येत नव्हतं. तिथे त्या दिवशी एकच ओळ होती, पुढे बरोबरची खूण.

त्यानंतर मला सगळ्याच फोनांत हे दिसायला लागलं. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली येतो. २०१५ चा कायदा. दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं, न दिल्यास अपील कुणाकडे हे ठरलेलं. मुलींना व्यावसायिक शिक्षणात फी माफ झाल्याचा जीआर त्याच जुलैत निघाला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असणाऱ्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना. तरी कॉलेजं आधी फी भरा म्हणत होती आणि आया आम्हाला फोन करत होत्या. कागदावर जे हक्काचं, ते प्रत्यक्षात कुणाच्या तरी शब्दाने मिळतं, आणि शब्द टाकणाऱ्याचा लँडलाइन माझ्या टेबलावर. मी त्या रस्त्यावरच्या टोलनाक्यावर बसलेली पोरगी. पावती फाडत नव्हते, पण गाड्या माझ्यासमोरूनच जात होत्या. लोकांना अपील, मुदत, पोर्टल सांगण्याची सवय मी सोडली नाही. फक्त आधी कामाचं सांगायचं आणि मग हळूच, "पुढच्या वेळी असंही करता येतं" म्हणून जोडायचं, एवढं शिकले. बहुतेक जण "हो हो" म्हणून फोन ठेवत. काका हसत. म्हणत, "सगळ्यांनी अपिलं केली तर आपल्याकडे कोण येईल गं?" थट्टेत म्हणत, पण नुसती थट्टा नव्हती ती.

मला हे सगळं इतकं एकतर्फी वाटलं असतं, तर सोपं झालं असतं. मधे २५ जुलै आला.

पहाटे साडेपाचला काकांचा फोन. ऑफिसचा मोबाइल तुझ्याकडे वळवतोय, घरूनच घे. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या वर गेला होता आणि मुठेच्या काठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. सिंहगड रस्त्याकडची एकतानगरी आमच्या मतदारसंघात नाही, तरी तिथूनही फोन आले. त्या सकाळी कुणीही वजन सांगितलं नाही. अकरा मतं नाहीत, सेक्रेटरी नाही. "पाणी अजून वाढवणार आहेत का?" एवढा एकच प्रश्न. पाटबंधारेवाल्यांचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते, ते मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचून दाखवत होते. कधीचा मेसेज आहे ते आधी, मग आकडा.

एका आजींचा फोन आला. आमच्याच भागातल्या, नदीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या. आवाज अगदी स्थिर. "पाणी दुसऱ्या पायरीवर आहे. मीटरबॉक्स जिन्याखाली आहे. मेन स्विच पाडू की नको? पाडला तर लिफ्ट बंद पडेल. हे अंथरुणाला खिळलेत, यांना वर न्यायचं आहे." मी म्हटलं, स्विच आत्ता पाडा, पण पाण्यात पाय असेल तर हात लावू नका. त्याच पहाटे पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघे गेले होते, ते मला तोवर कळलेलं नव्हतं. मी फक्त घाबरून बोलले. अग्निशमनचा १०१ लागत नव्हता. काकांना सांगितलं. त्यांनी कुणाला फोन केला ठाऊक नाही, पण वीस-पंचवीस मिनिटांत दोन कार्यकर्ते गुडघाभर पाण्यातून तिथे पोचले आणि त्या आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्हीकडून धरून, जिन्याने दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. त्यातला एक म्हणजे ज्याच्याबद्दल मी घरी आईला सांगत असे की हा दिवसभर ऑफिसात नुसता चहा पितो आणि साहेबांच्या गाडीचं दार उघडतो.

म्हणजे ज्या जाळ्याने तो बेड मिळाला, त्याच जाळ्याला हात होते. शब्द टाकायची, नाव घ्यायची, लग्नाची चौकशी करायची ही जी सगळी पद्धत मला खुपत होती, तीच पहाटे पाण्यात उतरली. आता हे दोन्ही एकत्र कसं धरायचं, ते ज्याने त्याने बघावं. मला अजून जमलेलं नाही.

जुलैत आणखी एक गोष्ट झाली, आणि तिची चर्चा टीव्हीवर फार झाली म्हणून इथे वेगळ्या बाजूने सांगते. २८ जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, १ जुलैपासून अर्ज. महिना १,५०० रुपये. तोवर आमच्याकडे बायकांचे फोन तुलनेने कमी असत. बायकांची कामंसुद्धा नवरे आणि मुलगे सांगत. आता बायका स्वतः बोलायला लागल्या. पहिले आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. डोमिसाइल नाही, चालेल का? पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड चालेल, मतदार ओळखपत्र चालेल, शाळा सोडल्याचा दाखला चालेल. केशरी कार्ड आहे, उत्पन्नाचा दाखला लागेल? नाही लागणार. नारीशक्ती दूत ॲप उघडत नाही. ते मलाही उघडत नव्हतं. आणि सगळ्यात मोठं दुखणं नावांचं. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत नवऱ्याने भरलेलं तिसरंच स्पेलिंग. एका बाईंना मी विचारलं, तुमचं पूर्ण नाव सांगा. त्या म्हणाल्या, "कुठलं?"

योजना निवडणुकीसाठी आहे असं एक बाजू म्हणत होती, दुसरी बाजू बहिणींचा सन्मान म्हणत होती. फोनवर मला या दोन्हींचा उपयोग झाला नाही. ऑगस्टच्या मध्याला पहिले पैसे पडायला लागले, दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये, आणि नवे फोन सुरू झाले: शेजारणीला आले, मला नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. कित्येकींना आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे हे माहीत नव्हतं. कधीतरी बचत गटासाठी, कधी गॅसच्या सबसिडीसाठी काढलेलं जुनं खातं, ते जिवंत आहे की नाही देव जाणे.

एक फोन कुजबुजत आला. "ताई, हळू बोलते, चालेल ना?" त्यांचं आधार ज्या खात्याला जोडलेलं होतं त्याचे मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जात. पैसे पडले तर त्याला आधी कळणार. त्यांना ते नको होतं. मी सांगितलं, पोस्टात जा, तिथे पेमेंट्स बँकेचं खातं निघतं, शिल्लक ठेवावी लागत नाही. खातं काढताना सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडून द्या म्हणा. त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, अगदी क्रमाने. मग विचारलं, "आणि मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतील?" तुमच्या, मी म्हटलं. "माझा नाहीये. हा शेजारच्या वहिनींचा आहे." जरा वेळ दोघीही गप्प. मग पलीकडून वहिनींचाच आवाज आला, मोठ्याने, "माझा नंबर लिहा म्हणावं!"

रजिस्टरात मी लिहिलं: काम, पोस्टातील खाते. नंबर, शेजारी.

ट्रेनिंग संपलं. कॉलेजला अहवाल द्यायचा होता. त्यात आलेल्या तक्रारी, सोडवलेल्या तक्रारी, टक्केवारी आणि मी मिळवलेली कौशल्यं असे रकाने होते. सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं की लोकप्रतिनिधीच्या घटनात्मक भूमिकेत हे सगळं कुठे बसतं. मी संसदीय लोकशाहीवर काहीतरी बोलले. चांगले मार्क मिळाले.

सप्टेंबरात आमच्या सोसायटीसमोरचं ड्रेनेज तुंबलं. घाण पाणी पार्किंगमध्ये, तिथून जिन्यापर्यंत. मी रीतसर ॲपवर तक्रार टाकली, फोटो जोडला, क्रमांक मिळवला. संध्याकाळी मेसेज आला, तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तोच. आई म्हणाली, "तुझ्या त्या ऑफिसात फोन कर की." मी तिला समजावलं की हे आपल्या हक्काचं काम आहे, त्याला एक पद्धत आहे, उत्तर नाही आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. आईने पदर खोचलेला, हातात खराटा. "तोवर तुझा हक्क काय बादलीने उपसू?"

काकांनी दुसऱ्या रिंगला उचलला. "अगं, एवढंच ना," म्हणाले. पाण्याच्या दाबाने ड्रेनेज मोकळं करणारी जेटिंगची गाडी पाऊण तासात गल्लीत उभी. अख्खी सोसायटी गॅलरीत. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला थांबवून माझा नंबर मागून घेतला. भाच्याचं नॉन-क्रिमिलेअर अडलंय म्हणे, आणि त्यांच्या घरात सात मतं आहेत.